फ्लूची लस घेतली का, नाकारली का : तुमचे अनुभव

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात चौदा वर्षांच्या एका मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. देशातील या साथीचा तो पहिला बळी होता. पाहता पाहता शहरातील शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, औषधांच्या दुकानांतून मास्क संपले आणि रुमालात कापराच्या पुड्या आल्या. तेव्हा लस नव्हती; ती आली तेव्हा तिच्याविषयीचा वाद आधीच घरोघरी पोचलेला होता आणि तो आजही मिटलेला नाही. मी स्वतः दरवर्षी लस घेते, परंतु न घेणाऱ्याला अडाणी ठरवून आपण काहीच साधत नाही, असे माझे ठाम मत आहे. म्हणून विनंती अशी, की ऐकीव गोष्टी बाजूला ठेवून केवळ स्वतःच्या घरात घडलेले लिहावे.

पुणे, गृहिणी

त्या ऑगस्टमध्ये माझा मुलगा सात वर्षांचा होता. ताप १०२ वर गेला तसे आम्ही त्याला घेऊन तपासणी केंद्राच्या रांगेत उभे राहिलो. पाऊस होता, मंडप अपुरा होता आणि खोकणारी माणसे व नुसती घाबरून आलेली धडधाकट माणसे एकमेकांना खेटून उभी होती. मी मुलाचे तोंड माझ्या खांद्यावर दाबून धरले होते. तो बरा आहे की आजारी, यापेक्षा तो या रांगेतून काय घेऊन घरी जाईल, याचीच मला अधिक धास्ती वाटत होती. घशातील स्रावाचा नमुना घेतला गेला आणि टॅमिफ्लू या फ्लूवरील औषधाच्या कॅप्सूल मिळाल्या. त्या उघडून, मधात कालवून, दिवसातून दोनदा असे पाच दिवस दिल्या. मुलगा बरा झाला. लसीविषयी माझी भूमिका त्या रांगेत ठरली. जे घरी टाळता येईल त्यासाठी मी पुन्हा तशी उभी राहणार नाही.

स्टॉकहोम, संगणक अभियंता

माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तो लिहिताना मनावर ताण येतो. २००९ च्या हिवाळ्यात स्वीडनमध्ये सुमारे साठ टक्के लोकांनी स्वाइन फ्लूची लस घेतली. आम्ही उभयतांनीही घेतली. पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, त्या लसीनंतर काही मुलांना व किशोरवयीनांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसाउजेडी अनावर झोप येण्याचा विकार, जडल्याचे फिनलंड आणि स्वीडन या दोन्ही देशांत लक्षात आले. माझ्या एका सहकाऱ्याची मुलगी त्यांपैकीच. जेवताना तिच्या हातातला चमचा गळून पडलेला मी पाहिला आहे. दोष एका विशिष्ट लसीशी निगडित होता, दरवर्षीची फ्लूची लस त्याहून वेगळी असते, हे मला समजते आणि ती मी आजही घेतो. तरीही कोणी मला ‘लसीने कधीच काही होत नाही’ असे सांगू लागले, तर मी त्याचे ऐकत नाही. जे घडले ते इथल्या यंत्रणेने शोधले, मान्य केले आणि भरपाईही दिली. माझा विश्वास टिकला तो यामुळेच.

नाशिक जिल्हा, परिचारिका

महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून जोखमीच्या गटांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. त्यांत दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गरोदर स्त्रिया होत्या. प्रसूतिपूर्व तपासणीच्या दिवशी सून निमूट बसलेली असायची आणि बोलायच्या त्या सासूबाई. ‘आमच्या वेळी असली इंजेक्शनं कुठं होती? पोटातल्या जिवाला काही झालं तर?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे, काळजीचाच असतो. मी त्यांना सांगायची, ‘मावशी, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्याला ही लस देताच येत नाही. आईला दिली तर तिच्याकडूनच बाळाला थोडं संरक्षण मिळतं. आणि या लसीतला विषाणू मेलेला असतो, त्यानं फ्लू होत नाही.’ २०१० मध्ये आलेली नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची होती, ती गरोदर स्त्रियांसाठी नव्हती. लोकांच्या मनात दोन्हींची सरमिसळ झाली होती. खरे सांगायचे तर आमच्या काही सहकारी परिचारिकाही लस घ्यायला का-कू करत. दंड दाबून ‘दुखतंय का’ विचारणाऱ्या बाईने स्वतः लस घेतलेली नाही, हे रुग्णाला लगेच कळते.

मुंबई, निवृत्त बँक कर्मचारी

मी घेत नाही. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, पण सल्ला देणाऱ्या समितीतील तज्ज्ञांची नावे साथ संपल्यावर, २०१० च्या ऑगस्टमध्ये, उघड केली. युरोपातील देशांच्या ‘युरोप परिषद’ या संघटनेच्या संसदीय सभेने त्यावर टीका केली. ज्यांच्या शब्दावर सरकारांनी पैसे मोजले, त्यांचे हितसंबंध आधी कळायला नकोत का?

(चर्चेचा हा धागा काढणारी)

काका, आक्षेप रास्त आहे आणि तो नोंदला जायलाच हवा. मात्र ‘काही झालेच नाही’ असा त्याचा अर्थ काढू नये. जगभरात प्रयोगशाळेत निश्चित झालेले मृत्यू साडेअठरा हजारांच्या आसपास होते, तर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने पहिल्या वर्षातील मृत्यूंचा अंदाज दीड ते पावणेसहा लाख असा मांडला. त्यांतील बहुतेक ६५ वर्षांखालचे होते.

कोल्हापूर, शेतकरी

आमचे वडील मधुमेही, वय ७२. दीड-दोन हजार खर्चून त्यांना लस दिली आणि पावसाळ्यात फ्लू झालाच. मी चिडून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितले, की विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून लसीतील घटक दरवर्षी नव्याने ठरवतात. लागण पूर्ण टळेलच असे नाही, पण आजार गंभीर होण्याचा धोका कमी होतो. हे आधी कोणी सांगितले असते, तर माझा राग तिथेच संपला असता. घरी येऊन मी जपून ठेवलेला लसीचा रिकामा डबा पाहिला. त्यावर सरलेल्या हंगामाचे साल छापलेले होते. आता जूनपूर्वीच जातो आणि सुई टोचण्याआधी वडील स्वतः चष्मा लावून डब्यावरचे साल वाचतात.