लडलो आपोआप वाढलं नाही, आखलं गेलं

किल्ल्याच्या आसऱ्याला वस्ती जमत गेली आणि तिचंच पुढे गाव झालं, हे किल्ल्यांच्या गावांबद्दल नेहमी ऐकू येणारं म्हणणं इंग्लंडमधल्या लडलोला लागू पडत नाही. वेल्सच्या सीमेजवळ, टीम नदीवरच्या टेकाडावर द लेसी या नॉर्मन सरदार घराण्याने अकराव्या शतकाच्या अखेरीस किल्ला बांधला. त्याच्या दारापासून पूर्वेकडे रुंद बाजारपेठ आणि तिथून नदीकडे उतरणारे सरळ, समांतर रस्ते बाराव्या शतकात मुद्दाम आखले गेले. घरांचे अरुंद, मागे लांबवर गेलेले पट्टे आजही नकाशात ओळखू येतात. गावात लोक आले की भाडं आणि बाजाराचा कर मिळणार, हा सरदाराचा सरळ हिशोब होता.

गावाभोवतीच्या तटाच्या बांधकामासाठी कर घ्यायची परवानगी 1233 मध्ये मिळाली. पण गावाला खरी श्रीमंती दिली ती लोकरीने आणि कापडाने. सेंट लॉरेन्स चर्चचं वैभव पाहावं, त्यात व्यापाऱ्यांचा आणि पामर्स गिल्ड या गावातल्या धार्मिक संघाचा पैसा आहे.

किल्ल्याची किंमतही गावाने मोजली. तोवर किल्ला राजाशी लढणाऱ्या यॉर्क घराण्याकडे आला होता; 1459 च्या ऑक्टोबरात गावालगतच्या लडफर्ड पुलापाशी यॉर्कचे सरदार रातोरात पळाले आणि राजाच्या सैन्याने लडलो लुटलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण किल्ल्यांबद्दल बोलताना राजे मोजतो, लुटलेली दुकानं नाही. दोनच वर्षांत यॉर्कचा चौथा एडवर्ड राजा झाला आणि त्याने गावाला स्वतःचा कारभार पाहायची सनद दिली. वेल्सच्या सीमाभागाचा कारभार पाहणारी कौन्सिल 1689 मध्ये बरखास्त झाल्यावर किल्ला ओस पडत गेला, बाजार मात्र चालूच राहिला.