वक्तृत्वाचा क्लास बंद करतोय, वाजपेयींच्या भरवशावर

अंबाझरी ले-आउटवाला
मुलगी सातवीत आहे, वर्षभर भाषणाच्या क्लासला जाते. तिथं भाषण लिहून मिळतं; हात कुठं उचलायचा, आवाज कुठं चढवायचा, सगळं ठरलेलं. परवा स्पर्धेत 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणून चार वाक्यं झाली अन् पाचव्याला गाडी अडकली. रडतच खाली उतरली. तेव्हा मला अटलजींचा किस्सा आठवला. बडनगरच्या शाळेत त्यांचे वडील हेडमास्तर. पोरगा भाषण पाठ करून उभा राहिला, मधेच विसरला, बाकीच्यांनी 'रटून आलाय' म्हणून हुर्यो उडवली. पुन्हा पाठ करून बोलायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. ते स्वतःच सांगायचे. म्हणून क्लास बंद. चूक असेल तर सांगा.

बर्डीचा वकील
काहून बंद, भाऊ? ते फजितीनंतर घरी नाही बसले. ग्वाल्हेरच्या व्हिक्टोरिया कॉलेजात वादविवाद केले, 1944 ला आर्य कुमार सभेचे सरचिटणीस होते, शाखेत तर 1939 पासून जात होते. हा सगळा सरावच आहे. त्याची फी कोणी घेतली नाही, एवढाच फरक.

निवृत्त हिंदी शिक्षिका, महाल
सराव कशाचा, ते तर बघा! वडील कृष्णबिहारी शिक्षक आणि कवी. कानावर रोज कविता. बी.ए.ला हिंदी, संस्कृत, इंग्रजी. मग कानपूरच्या डीएव्ही कॉलेजातून राज्यशास्त्रात एम.ए., पहिल्या वर्गात. तोवर पोतडी भरलेली होती. आमच्या स्पर्धांमध्ये मुलं त्यांच्या त्या लांब विरामाची नक्कल करायची, मी परीक्षक म्हणून कपाळाला हात लावायची. अहो, ते थांबायचे कारण पुढचा शब्द निवडत असायचे. पाठ केलेल्या भाषणात पोर थांबलं, म्हणजे विसरलं!

एसटीवाल्याचा पोरगा
मॅडम, तुमचं पटते, पण अर्धंच. कवी बाप सगळ्यांच्या घरी नसते. आमच्या घरी पुस्तक म्हणजे कालनिर्णय. मी आठवीत 15 ऑगस्टचं भाषण पाठ करूनच उभा राहिलो. गुरुजींनी लिहून दिलेलं, एक शब्द माझा नव्हता, पण पाय लटपटायचे ते तिथंच थांबले. आज कंपनीत युनियनच्या मीटिंगमध्ये बोलतो ते त्या जोरावर. पाठांतराला नावं ठेवणं हा भरल्या घरचा शौक आहे.

निवृत्त हिंदी शिक्षिका, महाल
हे मान्य. पण आठवीतलं तुमचं पाठांतर सुटलं की नाही? क्लासवाले ते सुटूच देत नाहीत, माझा राग त्यावर आहे.

बर्डीचा वकील
एक राहिलंच. कृष्णबिहारी नोकरीतून निवृत्त झाले अन् मुलासोबत कानपूरला कायद्याच्या वर्गात जाऊन बसले. बाप-लेक एकाच वर्गात, होस्टेलची खोलीही एकच. पोरं बघायला गर्दी करायची म्हणतात. पुढं अटलजींची वकिली अर्धवटच राहिली, (वकिलीचं नुकसान, काय बोलावं!) पण बाप बाजूच्या बाकावर होता. ले-आउटवाले साहेब, तुम्ही स्पर्धेला हॉलमध्ये होते का?

अंबाझरी ले-आउटवाला
नव्हतो. ऑफिसात होतो. लागलं थोडं.
काल रात्री तिला विचारलं, बोलायचंच नसेल तर सोडून दे. तर म्हणे, बोलायचं आहे, फक्त हातवारे नको. विषय तिनंच सांगितला: सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला अन् पहाटे आपल्या घरात पाणी शिरलं, ते. मी म्हटलं, चांगला आहे, मी लिहून देतो.
म्हणे, 'तुम्ही काय लिहाल बाबा? तुम्ही तर झोपून होते. आईनं उठवलं.'