मदत हवी आहे: पावसाळ्यात बीसीएम (लॉक, दिवे, वायपर चालवणारा बॉडी कंट्रोल मॉड्यूल) गेला म्हणतात, बदलायचा की आधी आणखी काही तपासायचं?

घाटमाथा:
नमस्कार मंडळी. गाडी 2014 ची डिझेल हॅचबॅक, मुक्काम रत्नागिरी, रात्रंदिवस उघड्यावर उभी. लक्षणं अशी: सेंट्रल लॉक आपोआप खाली-वर होतं. डावा इंडिकेटर दुप्पट वेगाने मारतो. वायपर बंद केला की काचेच्या मध्यावरच थांबतो. गाडी दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. इंजिन एकदा चालू झालं की मात्र कसलीच तक्रार नाही. स्कॅनरवर यू0140 कोड येतो. गॅरेजवाले म्हणतात, बीसीएम गेला, नवा टाका, आणि कोडिंग (नव्या मॉड्यूलमध्ये गाडीची माहिती भरणं) धरून मोठा आकडा सांगतात. खरंच तोच गेलाय हे कसं ठरवायचं? जुना वापरलेला बसवला तर चालेल का? चाव्या बाद होतात असं ऐकलं, ते खरं का?

बारा_व्होल्ट:
यू0140 चा अर्थ 'बीसीएम मेला' असा नाही. गाडीतल्या दुसऱ्या कुठल्यातरी मॉड्यूलला बीसीएमचं बोलणं ऐकू आलं नाही, एवढंच तो सांगतो. सप्लाय क्षणभर तुटला, अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह तार) सैल झाला, स्टार्टर मारताना बॅटरी खाली गेली, तरी हाच कोड पडतो. म्हणून सुरुवात बॅटरीपासून करा. रात्रभर उभ्या गाडीत 12.5 ते 12.6 व्होल्ट हवेत. स्टार्टर मारताना 9.6 च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी बघा, मॉड्यूल नंतर.

मग अर्थ. इथे बहुतेक जण मीटर ओहमवर ठेवतात आणि फसतात. दहा तारांची दोरी तुटून एकच तार उरली असली तरी ओहममध्ये शून्यच दिसतं, कारण मीटर स्वतः अगदी नाममात्र करंट सोडतो. भार असताना व्होल्टेज मोजा. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नाही. लाल प्रोब बीसीएमच्या अर्थ पिनला कपलरच्या (तारांच्या प्लगच्या) मागच्या बाजूने बारीक टाचणी घालून लावा. हॅझर्ड, वायपर, हेडलाइट चालू ठेवा. 0.1 व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगला. अर्धा व्होल्ट दिसला तर बॉडीवरचा अर्थ बोल्ट सोडा, पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा आणि परत आवळा.

त्यानंतर कॅन लाइन, म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी ज्यांवरून बोलतात त्या दोन तारा. बॅटरी सुटी करून स्टीअरिंगखालच्या ओबीडी कपलरच्या (स्कॅनर लावतात त्या) 6 आणि 14 नंबरच्या पिनांत ओहम बघा. 60 च्या आसपास यायला हवं, कारण लाइनच्या दोन टोकांना 120-120 ची रेझिस्टन्स असते. 120 आलं तर एक टोक तुटलंय, शून्याजवळ आलं तर दोन तारा कुठेतरी चिकटल्यात. गाडीत गेटवे (वेगवेगळ्या कॅन लाइन जोडणारी डबी) असेल तर हा आकडा फक्त गेटवेपर्यंतच्या तारांचा असतो, तेवढं लक्षात ठेवा.

इंडिकेटरचं वेगळं बघा. एक बल्ब गेला किंवा त्या जागी एलईडी बसवला की करंट कमी होतो आणि बीसीएम मुद्दाम वेग वाढवून 'बल्ब गेला' असं सांगतो. तो बीसीएमचा दोष नाही.

कपलर:
वरचं सगळं बरोबर. कोकणातली गाडी आहे, तेव्हा पाण्याची वाट शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वायपरखालची जाळी उचला. आंब्याची पानं आणि सुरूच्या काड्या तिथे कुजून निचऱ्याची भोकं बुजवतात, मग पाणी ब्लोअरच्या तोंडातून किंवा फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरी बुचातून आत येतं. पुढची काच कधी बदलली असेल तर तिच्या कडेचा गोंदही बघा. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली तर पुढच्या गालिच्याखालचा फोम भिजतो, वर हात फिरवून ते कळत नाही, गालिचा उचलूनच बघावं लागतं. पाणी थेट बीसीएमवर पडावं असंही नाही. ते हार्नेसच्या (तारांच्या जुडग्याच्या) तारांवरून ओघळत कपलरमध्ये उतरतं. पावसाळ्यात बीसीएम जाण्याचा हा अगदी नेहमीचा रस्ता आहे.

कपलर काढा आणि टॉर्च मारून पिना बघा. हिरवट-पांढरा थर आधी त्याच पिनांवर दिसेल ज्यांना कायम 12 व्होल्ट असतात. ओलाव्यात पॉझिटिव्ह बाजूचा धातू विरघळत जातो, शेजारची अर्थ पिन तेव्हा चकचकीत असते. नुसता थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने निघतो. पिन बारीक झाली असेल, खाल्ली गेली असेल, तर साफसफाईचा उपयोग नाही.

सेंट्रल लॉकसाठी ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीजवळचा रबरी पाइप मागे सारून तारा एकेक करून हळू ओढा. उघड-बंद करून तार आतून तुटते, प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. तुटलेली तार रबरासारखी ताणली जाते. वायपर मध्येच थांबतो त्याला मोटरच्या आतला पार्क स्विचही (वायपर खाली आला की मोटर थांबवणारा) कारण असू शकतो, त्याचा सिग्नल बीसीएमच्या पिनपर्यंत पोचतो का तेही मोजा.

घाटमाथा:
दोघांचेही आभार. मोजलं ते असं: बॅटरी 12.5. अर्थला भारावर 0.04. कॅन लाइन 61 ओहम. मागच्या डाव्या इंडिकेटरला एलईडी होता, साधा 21 वॉटचा घातल्यावर वेग ठीक झाला. दाराच्या तारा आणि पार्क स्विच ठीक. जाळीखाली पानांचा चिखल निघाला. बीसीएमच्या मोठ्या कपलरमध्ये दोन पिना हिरव्या, एक जवळजवळ संपलेली. झाकण उघडलं तर त्याच पिनेमागे बोर्डवरचा तांब्याचा माग काळा पडलाय. गाडी बंद करून 40 मिनिटांनी 310 मिलिअँपिअर खाते, बीसीएमचा कपलर काढला की 30.

बारा_व्होल्ट:
मग शंका उरली नाही. 310 मिलिअँपिअर म्हणजे 48 तासांत सुमारे 15 अँपिअर-तास. त्यात बॅटरी बसू शकते. 50 च्या खाली असेल तर ठीक मानतात. गाडी बंद केल्यावरही बीसीएमचा बोर्ड झोपतच नाहीये. माग खाल्लेला असताना सोल्डर करून काही महिने चालेलही, पण थराखालचं खाणं चालूच राहतं. बदला.

फक्त बीसीएम बदलून भागणार नाही. हार्नेसच्या बाजूची खाल्लेली पिनही नवी घाला, नाहीतर नव्या मॉड्यूलची पिन तिथेच तापून जळेल. कपलरमधून पिन बाहेर काढायची, त्याच जाडीच्या तारेवर नवी पिन क्रिम्प करायची (पक्कडीने दाबून बसवायची). बारीक तारेचा जोड देऊ नका. बसवताना हार्नेसचा पट्टा सैल करून तारांचा एक झोल कपलरच्या खाली येईल असा सोडा, म्हणजे पाणी झोलावरून खाली टपकेल, कपलरात जाणार नाही.

कपलर:
आता नवा की वापरलेला. बीसीएममध्ये गाडीच्या व्हेरियंटची मांडणी असते: पॉवर विंडो किती, मागचा वायपर आहे की नाही, फॉग लाइट आहेत का. बऱ्याच गाड्यांत चेसिस नंबर आणि इमोबिलायझरचा (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेचा) गुपित कोडही तिथेच. काही गाड्यांत तो वेगळ्या डबीत किंवा डॅशबोर्डच्या मीटरमध्ये असतो, म्हणून आधी तुमच्या मॉडेलची वायरिंग आकृती बघा. नवा बीसीएम कोरा येतो. स्कॅनरने जुन्यातली मांडणी वाचून ठेवा, जुना काढायच्या आधी. नंतर तो बोलेलच याची खात्री नाही.

मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून वापरलेला आणायचा असेल तर पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा. एका अक्षराने फरक असेल तर कपलर बसतो, पण मागचा वायपर किंवा लॉक चालत नाही. बिल घ्या. वापरलेल्या बीसीएममध्ये दुसऱ्या गाडीचा कोड असतो, म्हणून तुमच्या जुन्या बोर्डवरच्या आठ पायांच्या मेमरीतला डेटा त्यात उतरवावा लागतो. ही चिप साधारण 24सी, 93सी किंवा 95 मालिकेतली असते. तीन वेळा वाचा, तिन्ही फाइल तंतोतंत सारख्या आल्या तरच लिहा. चिपला चिमट्यासारखी क्लिप लावून वाचताना दर वेळी फरक येत असेल तर चिप काढूनच वाचावी. काही बोर्डांत हा डेटा प्रोसेसरच्या आत असतो, तिथे क्लिप चालत नाही. तुमचा बोर्ड सडलाय पण मेमरी कोरडी दिसत असेल तर हे काम होण्यासारखं आहे.

चाव्यांचं ऐकलंत ते अर्धं खरं. डेटा जसाच्या तसा उतरवला तर चाव्या तशाच चालतात. कोरा बसवला तर चाव्या नव्याने मॅच कराव्या लागतात आणि बऱ्याच गाड्यांत त्या वेळी समोर नसलेली चावी यादीतून उडते. घरातल्या सगळ्या चाव्या गॅरेजमध्ये न्या. चाव्या मॅच करायचा पिन कोड चाव्यांबरोबरच्या कार्डावर असेल तर तोही.

बारा_व्होल्ट:
बदलायच्या दिवशी: 10 च्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि 10 मिनिटं थांबा. जवळच पिवळे कपलर असतील, ते एअरबॅगचे, त्यांना हात नको. कोडिंग करताना बॅटरीला 13.5 व्होल्टच्या आसपास स्थिर ठेवणारा सप्लाय लावा. साधा चार्जर नको. ब्लोअर आणि दिवे बंद. लिहिणं अर्ध्यावर तुटलं तर नवा मॉड्यूलही तिथेच अडकतो.

घाटमाथा:
झाल्यावर पुन्हा करंट मोजायचा तर दार उघडं राहील, मग गाडी झोपणार कशी?

कपलर:
दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करा, बीसीएमला दार लागलं असं वाटतं. बॉनेटचंही तसंच. ड्रायव्हरची काच पूर्ण खाली ठेवा आणि चावी स्वतःच्या खिशात, कारण बॅटरी जोडताच काही गाड्या स्वतःला लॉक करून घेतात. मापन झालं की दार ओढण्याआधी हँडल उचलून लॅच सोडवा, नाहीतर लॅच चौकटीच्या खिळीवर आपटून वाकतं. आकडा 50 च्या खाली उतरायला तासभर लागू शकतो, मीटर मध्येच काढू नका.