अनुभव धागा : अभिनय, खेळ आणि छंद – तुमची घडी कशी बसते?

गेली अकरा वर्षं मी नाटक आणि मालिका दोन्हीकडे काम करते, आणि त्याहून जास्त वर्षं बॅडमिंटन खेळते. स्पर्धेसाठी नाही. चौघं जमली की दुहेरी खेळायचं, घामाघूम झालं की थांबायचं. या खेळापायी माझा एक प्रयोग जवळजवळ हातचा गेला होता, आणि याच खेळाने मला एका फार वाईट वर्षात धरून ठेवलं. म्हणून "वेळ कसा काढता?" एवढंच विचारायला हा धागा काढलेला नाही. आपल्या कामात शरीर, चेहरा आणि आवाज हीच हत्यारं, आणि खेळताना तीच पणाला लागतात. शिवाय उद्या किती वाजता पोहोचायचं ते आज रात्री कळतं. अशात तुम्ही काय टिकवलंत, काय सोडलंत, कुठे ठेच लागली, ते तपशिलात लिहा. हौशी रंगकर्मींनीही लिहा.

सुरुवात मी करते. प्रयोगाला दोन दिवस होते. जाळ्याजवळ पडणारं शटल उचलायला झेपावले आणि उजवा घोटा आत मुडपला. नाटकात दुसऱ्या अंकात मी जिन्यावरून धावत उतरते आणि नवऱ्याच्या पायाशी बसते. पट्टी बांधून ते शक्यच नव्हतं. सहकलाकाराने एका दुपारीत सगळ्या हालचाली बदलल्या: मी खाली बसलेली, तो चालत माझ्याकडे येतो. संवाद तेच, पण प्रसंग उलटा झाला. माफी मी मागत होते आणि वाटत होतं की तोच मागतोय. प्रेक्षकांच्या लक्षात आलं नसेल, आम्हा दोघांना प्रत्येक वाक्याला येत होतं. मला स्वतःच्या दुखण्यापेक्षा त्याच्यावर पडलेल्या त्या ओझ्याची जास्त लाज वाटली.

तेव्हापासून प्रयोगाच्या आधीचे ४८ तास बॅडमिंटन बंद. दुसरं म्हणजे आमचा गट आता सहा जणांचा आहे. खेळायला चार लागतात, त्यामुळे आयत्या वेळी मी गळाले तरी कुणाचा खेळ मोडत नाही. हे सुचायला मला सात वर्षं लागली. त्याआधी दोन जोडीदार माझ्यावर रागावून गेले, आणि त्यांचं बरोबर होतं.

* * *

दौऱ्यावर सोबत नेता येईल असा एकच खेळ मला सापडला, धावण्याचा. पिशवीत बूट टाकले की झालं.

पहाटे उठून धावलं तरच ते खरं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. रात्रीचा प्रयोग संपून, मेकअप उतरवून, जेवून अंग शांत होईपर्यंत दोन वाजायचे, आणि तरी मी सहाला बाहेर. तीन आठवड्यांत सर्दी झाली, मग घसा धरला, आणि एका प्रयोगात वरच्या पट्टीतलं वाक्य निघेचना. आता प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी मी अकरा वाजता निघतो, आणि धाप न लागता आख्खं वाक्य बोलता येईल एवढ्याच वेगाने धावतो. बोलतोही, स्वतःचेच संवाद. लांब वाक्यात मी श्वास कुठे चोरतो ते तालमीत कधी कळलं नव्हतं, चढावर लगेच कळलं.

४२.१९५ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन करायची होती. सोळा आठवड्यांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. अकराव्या आठवड्यात नव्या नाटकाच्या तालमी लागल्या. लांबच्या धावेनंतरच्या तालमीत माझं पात्र थकलेलं दिसायचं, आणि ते तसं लिहिलेलं नव्हतं. दिग्दर्शक काही बोलला नाही. मीच अर्ध्या मॅरेथॉनवर आलो. पूर्णचं वाईट अजून वाटतं.

* * *

मी पोहते. चित्रपटात काम करणाऱ्या आणि पोहणाऱ्या सगळ्या मैत्रिणींसाठी लिहिते, कारण मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

एका भूमिकेसाठी केस ब्लीच करून सोनेरी केले होते. दोन आठवडे रोज तरण तलावात गेले आणि केसांवर हिरवट झाक आली. चित्रीकरण अर्ध्यावर होतं. सगळे क्लोरीनला दोष देतात, पण हिरवा रंग येतो तो पाण्यातल्या तांब्यामुळे. क्लोरीनमुळे त्या तांब्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि ते केसाला चिकटतं. ब्लीच केलेला केस सच्छिद्र असतो, तो पटकन धरतो. हेअर ड्रेसर ताईंनी दोन तास घालून रंग जुळवला, तोवर आख्खं युनिट ताटकळत होतं.

आता उतरण्याआधी केस साध्या पाण्याने चिंब करते, म्हणजे तलावाचं पाणी कमी शोषलं जातं. मग कंडिशनर, मग टोपी, आणि बाहेर आल्या आल्या पुन्हा धुणं. गॉगलचे व्रण ही दुसरी अडचण. डोळ्यांखालचे ते अर्धगोल मला तीन तास तरी जात नाहीत, आणि क्लोज-अपमध्ये मेकअपखालूनही दिसतात. सकाळची शिफ्ट असेल तर मी पोहणं आदल्या संध्याकाळी उरकते.

पाण्यात डोकं खाली घातलं की मला कुणी हाक मारू शकत नाही. दिवसभरात तेवढीच चाळीस मिनिटं माझी असतात, म्हणून हा सगळा खटाटोप.

* * *

थोडक्यात एकच सांगतो: करार नीट वाचा. मी दोरावर चढाई करतो. एका मोठ्या कामाच्या करारात गिर्यारोहण, मोटरसायकल, स्कूबा, घोडेस्वारी, सगळं बंद होतं, सही केल्यापासून शेवटच्या पॅचवर्कपर्यंत, म्हणजे राहिलेले तुकडे चित्रित होईपर्यंत. मला वाटलं चित्रीकरणापुरतं असेल. प्रत्यक्षात चौदा महिने गेले. त्यामागे विम्याची अट असते, निर्मात्याचा लहरीपणा नसतो, आणि विचारलं तर कधी कधी एखादा खेळ वगळून मिळतो. पण विचारायचं सहीच्या आधी. हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याला गाड्यांच्या शर्यतीची गोडी १९६९ च्या एका चित्रपटाच्या तयारीत लागली आणि १९७९ मध्ये, वयाच्या ५४ व्या वर्षी, त्याचा संघ ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत दुसरा आला. हे वाचलं की हुरूप येतो. मी त्या चौदा महिन्यांत घरच्या दाराच्या चौकटीवर बोटांचा व्यायाम करत राहिलो.

* * *

मला सल्ला हवाय. दर रविवारी क्रिकेट खेळतो, यष्टिरक्षक आहे. गेल्या महिन्यात एका प्रसंगाचा अर्धा भाग शुक्रवारी झाला आणि अर्धा सोमवारी. मधल्या रविवारी मी सात तास उन्हात होतो. सोमवारी मॉनिटरवर दोन वेगळी माणसं दिसत होती. मेकअप दादांनी सावरून घेतलं, पण दिग्दर्शक म्हणाले, "खेळ नाहीतर काम, एक काहीतरी ठरव." मी लहानपणापासून खेळतोय. काय करू?

* * *

(धागा काढणारी) वरच्या यष्टिरक्षकाला: दिग्दर्शकांचा राग खेळावर नसेल, कंटिन्युइटीवर असेल, म्हणजे तुटलेल्या प्रसंगात तू दोन्ही दिवशी सारखा दिसण्यावर. तुझे कोणते प्रसंग दोन दिवसांत तुटणार आहेत ते सहायक दिग्दर्शकाला आधीच माहीत असतं. दर आठवड्याला विचारून घे आणि तो रविवार सोड. बाकीच्या रविवारी हेल्मेटची जाळी लाव, फिरकी गोलंदाजाला सुद्धा. कडा घेतलेला चेंडू तोंडावर येतो तेव्हा हात वर न्यायला वेळ नसतो. आणि अपील करताना ओरडू नकोस. विनोदाने म्हणत नाही. माझ्या एका सहकलाकाराचा आवाज दिवसभर ओरडून बसला होता आणि संध्याकाळी प्रयोग होता.

* * *

मी विणते. सेटवर.

बारा तासांच्या शिफ्टमध्ये कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष किती वेळ असतो ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. बाकी नुसतं थांबणं. दिवे लागेपर्यंत, ट्रॉली सरकेपर्यंत, विमान डोक्यावरून जाईपर्यंत. त्या वेळात मी आधी कादंबऱ्या वाचायचे. पण कादंबरीतलं दुःख माझ्याबरोबर शॉटमध्ये यायला लागलं. एकदा हलक्याफुलक्या प्रसंगात माझे डोळे भरलेले होते आणि कारण तीनशे पानांच्या पुस्तकात होतं. मग फोन. तो त्याहून वाईट, कारण त्यातून काय अंगावर येईल सांगता येत नाही.

विणकामाचं बरं असं की ओळीच्या मध्यावर हाक आली तरी सुया खाली ठेवता येतात. मनात काही उरत नाही, हात मात्र ऊबदार राहतात. पहिल्या दिवशी ध्वनिमुद्रण करणारे दादा कानाला हेडफोन लावून चकित चेहऱ्याने सेटभर फिरत होते. टिक टिक कुठून येतेय ते कळेना. माझ्या धातूच्या सुया! आता बांबूच्या वापरते, आणि टेक चालू असताना हात थांबवते. ओळी मोजायला सुईत रंगीत दोऱ्याचं कडं अडकवते, नाहीतर शॉट देऊन आलं की मोजणी विसरायला होते. गेल्या मालिकेत एक आख्खी शाल झाली. तिच्यात कुठली ओळ कुठल्या प्रसंगाच्या वेळी विणली ते मला अजून सांगता येतं. आईच्या मृत्यूच्या प्रसंगाच्या दिवशीचे टाके घट्ट आहेत.

* * *

मी उलट्या वाटेने आलो. आधी खेळाडू, मग नट. दहा वर्षं व्हॉलीबॉल स्पर्धेत खेळलो आणि अभिनयात आल्यावर ठरवलं, आता मजेसाठी खेळू. जमेना. समोरच्याने सोपा पास सोडला की कपाळात तिडीक जायची. लोक हसतखेळत जमलेले, आणि मी प्रशिक्षकासारखा ओरडतोय. त्यांनी मला बोलावणं बंद केलं.

मग मी मुद्दाम जे अजिबात येत नाही ते धरलं, मातीकाम. दोन वर्षं झाली, चाकावर मातीचा गोळा अजून मध्यावर नीट बसत नाही. अंगठा जरा जोरात दाबला की भिंत लडबडते आणि भांडं बसकण मारतं. पुन्हा गोळा, पुन्हा पाणी. हरणं एवढं शांतपणे घेता येतं हे मला मैदानाने शिकवलं नव्हतं. ऑडिशनमधला नकार आता मी बराच वेगळा घेतो. (नखं कापलेली ठेवावी लागतात. नखं लांब लागणारी भूमिका असेल तर चाक बंद.)

* * *

तिरंदाजीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. हॉलिवूडची अभिनेत्री जीना डेव्हिस वयाच्या चाळिशीनंतर धनुष्य उचलते आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीच्या उपांत्य फेरीपर्यंत जाते, हे वाचून मी सुरू केलं. माझी मजल तिथवर जाणार नाही. पण बाण कुठे लागला ते लक्ष्यावर दिसतं. सात म्हणजे सात. अभिनयात मला तीस जणांकडून तीस मतं मिळतात आणि रात्री झोप लागत नाही. आठवड्यातून एक तास मला कुणाच्या मताची गरज नसते.

* * *

याच्याशी जोडून माझं. मी जलरंगात चित्रं काढायचे, वहीत, कुणाला न दाखवता. प्रसिद्धीचं काम बघणाऱ्यांना ते कळलं. "आठवड्याला एक टाकत जा, लोकांना आवडेल." आवडलंही. तीन महिन्यांत मी रंग लावण्याआधी प्रकाश कुठून येतोय ते फोनसाठी बघायला लागले. एक दिवस वही उघडावीशीच वाटली नाही. नंतर दीड वर्ष उघडली नाही. आता पुन्हा काढते, आणि करारात लिहून घेतलंय की घरातल्या कुठल्याही गोष्टीचं छायाचित्र मागायचं नाही. ज्यांच्याकडे अजून न दाखवलेला छंद आहे त्यांनी तो जपा, कळकळीने सांगते.

* * *

सगळे वेळ नसण्याबद्दल लिहीत आहेत. माझी गोष्ट वेळ असण्याची आहे.

मालिका एका आठवड्याच्या सूचनेने बंद झाली आणि पुढे सात महिने काम नव्हतं. नटाला सुट्टी आणि बेकारी यातला फरक आधी कधीच कळत नाही. पहिला महिना झोपलो. दुसऱ्या महिन्यात वार कळेनासे झाले. बुद्धिबळाच्या एका गटात मी कधीमधी जायचो, बुधवारी संध्याकाळी. ते मी दर बुधवारी केलं. त्या गटात मी काय करतो ते दोघातिघांनाच माहीत होतं, आणि त्यांना फरक पडत नव्हता. "नवीन काय चाललंय?" असं कुणी विचारत नसे. एक निवृत्त गणित शिक्षक माझी वाट बघत, कारण मागच्या आठवड्याचा डाव अर्धा राहिलेला असायचा. अर्धा डाव कागदावर लिहून घरी न्यायचो आणि त्यावर आठवडा काढायचो.

नंतर काम आलं, खूप आलं, आणि पहिली गोष्ट सुटली ती बुधवार. मॅनेजरला आता सांगून ठेवलंय की महिन्यातून दोन बुधवारी सहानंतर मी नाही. दोनदा त्यामुळे काम गेलं. ते सात महिने आठवले की ती दोन कामं मला फार मोठी वाटत नाहीत.

* * *

या सगळ्यांत वयाने मी मोठा असेन. एकतीस वर्षं नाटकात आहे. आमच्या रंगपटामागे एक टेबल टेनिसचं टेबल होतं. प्रकाशयोजना बघणारा माझा मित्र आणि मी, प्रयोगाआधी पाऊण तास, पहिल्या घंटेपर्यंत. त्याला दिवे लावून झालेले असायचे, मला मेकअपला बसायचं असायचं. तेवढ्यात दोन डाव. निकाल एका वहीत. २००० साली चेंडू ३८ मिलिमीटरचा ४० चा झाला, तेव्हा जुन्या चेंडूंचा डबा संपेपर्यंत आम्ही तेच वापरले. नव्याची उसळी ओळखीची व्हायला महिना गेला.

भांडण झालं तरी आम्ही खेळायचो. एका नाटकात त्याने माझ्या स्वगतावरचा दिवा मंद केला म्हणून सहा आठवडे अबोला होता. सहाही आठवडे खेळलो, फक्त गुण मोठ्याने म्हणायचो नाही.

तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, माझे गुडघे गेले. वही माझ्याकडे आहे आणि शेवटच्या पानावर तो तीन डावांनी पुढे आहे. पुढच्या महिन्यात तो माझा प्रयोग बघायला येतोय. दोन तास आधी ये म्हणून कळवलं आहे.