कॉलेज बास्केटबॉल: रेटारेटी चालेल, पण शिट्टीचं माप एकच हवं

ट्रँगलवासी

५ एप्रिल २०२५, सॅन अँटोनियो. अमेरिकन कॉलेज स्पर्धेच्या फायनल फोरचा (शेवटच्या चार संघांचा) उपांत्य सामना. आठ मिनिटं उरली तेव्हा ड्यूक ह्यूस्टनच्या १४ गुणांनी पुढे होतं. वीसेक सेकंद उरले तेव्हा आघाडी फक्त एका गुणाची, ६७-६६. ड्यूकच्या टायरीस प्रॉक्टरचा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) हुकला, रिबाउंडसाठी (हुकून परत आलेला बॉल पकडायला) ड्यूकचा कूपर फ्लॅग ह्यूस्टनच्या जे'वॉन रॉबर्ट्सच्या मागून उडाला आणि शिट्टी वाजली. रॉबर्ट्सने दोन्ही फ्री थ्रो घातले, ह्यूस्टन ७०-६७ जिंकलं.

फ्लॅगचा हात रॉबर्ट्सच्या अंगावर गेला, हे मला मान्य आहे. पण त्याआधी रिंगखाली दोन्ही बाजूंनी तशीच झोंबाझोंबी चालली होती आणि बहुतेक वेळा रेफ्रींनी खेळ चालू ठेवला. पस्तीस मिनिटं जे चालतं ते शेवटच्या मिनिटात फाउल कसं ठरतं?

हे दुखणं जुनं आहे. २०१२-१३ च्या हंगामात पुरुषांच्या डिव्हिजन वनमध्ये (कॉलेजच्या सर्वांत वरच्या गटात) संघाची सरासरी ६७.५ गुणांवर आली होती, साठ वर्षांतली सर्वांत कमी. म्हणून २०१३ मध्ये हँड-चेकिंगवर, म्हणजे हातांनी अडवण्यावर, बडगा आला. बॉल असलेल्या खेळाडूवर दोन्ही हात ठेवणं, एक हात ठेवून देणं, कोपरापासूनचा हात आडवा लावून अडवणं, सतत टोचत राहणं, हे चारही सरळ फाउल. सुरुवातीला शिट्ट्यांचा पाऊस पडला, कोच ओरडले आणि सरासरी ७१ वर गेली. पुढच्याच हंगामात ती ६७.६ वर परत आली. नियम पुस्तकात तसाच होता, फक्त तो वाजवणारे थकले. शेवटी २०१५ मध्ये शॉट क्लॉक (शॉट मारायची मुदत) ३५ वरून ३० सेकंदांवर आणावं लागलं.

बचाव कडक असावा, जरूर असावा. पण हंगाम सुरू होतो त्या नोव्हेंबरमध्ये आणि मोठ्या स्पर्धेच्या मार्चमध्ये, पहिल्या आणि शेवटच्या मिनिटात, फाउलचं माप एकच असायला हवं.

गल्फकाठ

ह्यूस्टनला बावीस वर्षं राहतोय, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा. पण आमच्या कोच केल्विन सॅम्पसनच्या बचावाला ‘झोंबाझोंबी’ म्हटलेलं पटत नाही. स्क्रीन लागली (म्हणजे बचावपटूची वाट अडवायला कोणी उभा राहिला) की दोघं बॉलवाल्यावर धावून जातात आणि मागचे तिघं चार जणांना सांभाळायला सरकतात. ते सरकणं अर्धा सेकंद चुकलं तर समोर मोकळा लेअप. ही पायांची आणि एकमेकांशी सतत बोलण्याची मेहनत आहे. शेवटच्या दहा मिनिटांत ड्यूकला एकच फील्ड गोल मिळाला. सामना तिथे गेला, त्या एका शिट्टीवर नाही.

आणि सव्वा मिनिट उरलं असताना आमच्या टग्लरला टेक्निकल फाउल मिळाला होता, बॉल आत टाकणाऱ्याच्या हातातल्या बॉलला हात लावला म्हणून. नियमाप्रमाणे बरोबर होता. त्यावर आम्ही धागा काढला नाही.

सगळं वाजवायचं म्हणता? मग २०१७ ची नॉर्थ कॅरोलायना विरुद्ध गोन्झागा फायनल पुन्हा बघा. ४४ फाउल. लय अशी लागलीच नाही, मोठे खेळाडू फाउलच्या भीतीने जपून खेळत होते. मला तसला खेळ नको.

नागपूरचा_गार्ड

गल्फकाठ, तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट सुटते. विद्यापीठ पातळीवर मी पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेणारा) खेळलोय, उंची पाच फूट सात. कमरेवर सतत हात असला की वेगाचा काही उपयोग राहत नाही, आणि आमच्यासारख्यांकडे वेगाशिवाय असतं काय? प्रत्येक पझेशनला (समोरच्यांकडे बॉल असताना) पाचही जण धरत असतील तर रेफ्री प्रत्येक वेळी वाजवू शकत नाही, हे धरणाऱ्या संघाला पक्कं माहीत असतं. दहा वेळा धरा, तीनदा वाजेल, सात वेळा फायदा. मेहनत असेलही, पण हा हिशोबसुद्धा त्यात आहे.

शेवटच्या क्षणी वाजवू नये हेही मला मान्य नाही. २०१९ मध्ये ऑबर्न ६२-६० पुढे, ०.६ सेकंद बाकी, आणि व्हर्जिनियाचा काइल गाय तीनचा शॉट मारत असताना बचावपटू त्याच्या अंगावर गेला. फाउल होता, रेफ्रीने हिमतीने दिला. गायने तिन्ही घातले, व्हर्जिनिया ६३-६२. चूक घडली ती त्याच्या जरा आधी, व्हर्जिनियाच्याच टाय जेरोमचा डबल ड्रिबल (थांबवून पुन्हा बॉल आपटणं) कोणालाच दिसला नाही तेव्हा.

शिट्टीधारी

ओहायोत शाळांचे सामने करतो, म्हणून रेफ्रीच्या जागेवरून सांगतो.

कोर्टवर तिघं असतात. एक बेसलाइनवर, एक मागे हाफकोर्टच्या बाजूला, एक समोरच्या कडेला. दोन अंगांमधली फट ज्याला दिसते त्यालाच स्पर्श कळतो, बाकीचे अंदाज बांधतात. रिबाउंडला दहा जण एका खोलीएवढ्या जागेत शिरतात. त्यातून तिसरी गोष्ट, आम्हाला शिकवलं जातं की स्पर्श झाला म्हणून फाउल होत नाही, त्यातून कोणाचा तोटा झाला ते बघा. आणि हँड-चेकिंगच्या त्या चार प्रकारांत मात्र तोटा बघायचाच नाही, दिसलं की वाजवायचं. एकाच माणसाने दर सेकंदाला या दोन पद्धतींत उड्या मारायच्या. माप हलतं ते इथे.

वर कॉलेजचे रेफ्री कोणाचे पगारी नोकर नसतात. कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांचे गट, त्यांना सामन्यागणिक बोलावतात. आज बिग टेन, उद्या बिग ट्वेल्व्ह, मध्ये विमान. दोन्हीकडे किती चालतं याची सवय वेगळी.

२००९ मध्ये कॉलेज सामन्यांवरचा एक अभ्यास आला होता. एका संघाचे फाउल जितके जास्त, तितकी पुढची शिट्टी दुसऱ्या संघावर वाजण्याची शक्यता अधिक. म्हणजे नागपूरकरांचा हिशोब खरा आहे. जास्त धरणाऱ्याला आकडे समान होण्याचा फायदा मिळतो. वाचून मला वाईट वाटलं, कारण ती ओढ आतून जाणवते.

गल्फकाठ

हे मान्य. पण मग उपाय रेफ्रींच्या व्यवस्थेत शोधा, बचावाचे हात बांधू नका. फायनलमध्ये फ्लोरिडाकडून ६३-६५ हरलो, शेवटच्या पझेशनला शॉटसुद्धा सुटला नाही. त्यांचा वॉल्टर क्लेटन आमच्या शार्पच्या अंगावर धावून आला, स्वच्छ बचाव, शिट्टी नाही. आम्ही ज्या खेळाने आलो त्याच खेळाने हरलो, तक्रार नाही.

ट्रँगलवासी

व्यवस्थेचंच बोलू. व्यावसायिक लीग एनबीए २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी जाहीर करते, कुठली शिट्टी बरोबर, कुठली सुटली. मार्चच्या स्पर्धेत हे का नको? दुसरं, महिलांचा खेळ २०१५-१६ पासून चार क्वार्टरमध्ये होतो आणि संघाचे फाउल दर क्वार्टरला नव्याने मोजतात. पुरुषांकडे अजून दोन हाफ. सात फाउल लवकर झाले की वन-अँड-वन (पहिला फ्री थ्रो घातला तरच दुसरा) सुरू होतं, दहापासून थेट दोन, आणि रेफ्री वाजवायला कचरतात ते यामुळेही.

गल्फकाठ

क्वार्टरला माझा पाठिंबा. अहवालाबद्दल विचारतो. फ्लॅगचा फाउल बरोबर होता असं त्यात आलं, तर मान्य कराल?

ट्रँगलवासी

करेन. पण अहवाल चाळीसही मिनिटांचा हवा. शेवटच्या दोनच मिनिटांचा काढला, तर आधी सुटलेले सगळे फाउल कागदावर कधी येणारच नाहीत.