रिओहा: हिरव्या शिक्क्याची बाटली रेसेर्वापेक्षा महाग? मदत हवी आहे

स्पेनच्या रिओहा या वाइन-प्रदेशात, लोग्रोन्यो शहरातल्या दुकानात दोन रेड वाइनवर अडलोय, दोन्ही तेंप्रानियो द्राक्षाच्या. एकीच्या पाठीवर रेसेर्वाचा शिक्का: किमान 3 वर्षं मुरवलेली, त्यातलं निदान 1 वर्ष ओकच्या पिंपात. दुसरीवर नुसता हिरवा, जेनेरिकोचा (म्हणजे मुरवण्याची वर्गवारी नसलेला) शिक्का. तरी लेबलवर 'फ्रेंच ओकमध्ये 14 महिने' छापलंय आणि किंमतही जास्त! दुकानदार म्हणतो, बोदेगाने (वाइन बनवणाऱ्या कंपनीने) मुद्दाम वर्गवारी घेतली नाही. असेलही, पण माल त्यालाच खपवायचाय. नियम वाचून झाले. त्यात मुरवण्याचा काळ कळतो, वाइन किती चांगली ते नाही. चाखायची सोय नाही. बजेट 25 युरो, त्यामुळे ग्रान रेसेर्वा (रेसेर्वाच्या वरची वर्गवारी) सुचवू नका. बाटली 5-6 वर्षं ठेवायची आहे, जागा थंड आहे. हिरव्या शिक्क्याची वाइन तेवढी टिकेल का, हे लेबलवरच्या नेमक्या कुठल्या तपशिलावरून ओळखायचं?