'पोळी सोडा, भाकरी धरा' म्हणणाऱ्यांनी एकदा परात पुढ्यात घ्यावी

काठवट
काल इथे एका गृहस्थांनी निरोगी राहण्याचे सोपे उपाय लिहिले: गव्हाची पोळी बंद, दोन्ही वेळा ताजी ज्वारीची भाकरी, संध्याकाळी सातच्या आत जेवण, मग पाऊण तास चालणं. खाली वाहवा. मी साडेसातला ठाण्याला गाडीतून उतरते, घरी पाच माणसं. कणीक सकाळी मळून ठेवता येते, भाकरीचं तसं नाही. पीठ ऐनवेळी मळा, थापा, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवा, उलटून शेकवा. दळण जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, मग थापताना कडा चिरतात. सगळे गरमगरम खाऊन उठतात, करणारी साडेनऊला ताटावर बसते. तिचं 'सातच्या आत' कोण बघणार?

पुणे ३०
तो लेख माझाच. विषय आहाराचा होता, तुम्ही तो घरच्या भांडणावर नेलात. माझी साखर भाकरी आणि चालण्यानेच खाली आली. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ च्या पाहणीत देशात दहा कोटींवर मधुमेही निघाले, तरी गप्प बसायचं का?

आकडेमोड
साखर कशाने उतरली हे तुम्हाला तरी कसं कळणार? भाकरी, चालणं, लवकर जेवण, सगळं एकदमच सुरू केलंत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते काढून बघा. शंभर ग्रॅम ज्वारीत चोथा, म्हणजे फायबर, साधारण दहा ग्रॅम, गव्हाच्या कणकेत साधारण अकरा. प्रथिनंही उन्नीस-बीस. कणीक बारीक चाळून कोंडा टाकता, वर मैद्याची बिस्किटं खाता, आणि खापर पोळीवर.

पुणे ३०
तक्ते तुम्ही खा. दोन भाकऱ्यांवर दुपार निघते, चार पोळ्यांवर निघत नाही. हे माझं पोट सांगतं.

रात्रपाळी
चाकणला कंपनीत आहे, रात्री जेवणाची सुट्टी बाराला. सातला जेवून गेलो तर पहाटेपर्यंत वडापाववर भागवावं लागतं. आमच्यासारख्यांना काय सांगता? डबा घरचा न्या, तेल-मीठ कमी करा, पाळी सुटल्यावर गोड चहा-खारी टाळा, एवढं सांगितलंत तर उपयोग होईल.

शाळू मंगळवेढा
भाकरीवर एवढं भांडताय, ज्वारी येते कुठून ते कुणी विचारेना. आमच्या ज्वारीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ ला भरडधान्य वर्ष झालं, शहरात ज्वारीची बिस्किटं आली. इकडे काढणीला माणूस मिळत नाही. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, मुळासकट उपटावा लागतो, हात सोलून निघतात. दाणे भरायला लागले की पहाटेपासून पाखरं राखायची. कडब्याचे पैसे येतात म्हणून परवडतं. पाणी आलं तिथे लोक उसाकडे गेले, त्यांना नावं ठेवू नका.

पुणे ३०
म्हणजे खाणारे वाढले तर तुमचंच भलं, मग माझ्यावर राग का?

शाळू मंगळवेढा
दुकानात तुम्ही किती देता आणि माझ्या हातात किती पडतात, ते आधी विचारा.

काठवट
दादांचं पटतं, पण शेतात उपटणारी आणि घरी थापणारी, दोन्हीकडे बाईच जास्त, हे कुणी बोललं नाही. माझ्या सासूबाईंच्या मनगटाला थापून थापून कायमची सूज. डॉक्टरांनी भाकरी खायला सांगितली, थापायची बंद करायला सांगितली. घरात एकालाही ते खटकलं नाही.

सोलापूरकर
आमच्याकडच्या कडक भाकऱ्या आणा की. कितीतरी दिवस टिकतात, आमटीत चुरून खा. एकदा केल्या की रोजचं थापणं सुटतं.

काठवट
त्या तरी कोण थापतं? बचत गटातल्या बायकाच. पण निदान त्यांना पैसे मिळतात, तेवढं मान्य.

पुणे ३०
वेळेचं मान्य करतो. सातची अट लेखातून काढतो, पाळीवाल्यांचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं. भाकरीचं मात्र मागे घेणार नाही.

काठवट
घेऊ नका. फक्त 'रोज दोन्ही वेळा' लिहिताना तुमच्या घरी कोण थापतं आणि ती किती वाजता जेवते, तेही लिहा.

शाळू मंगळवेढा
आणि बाजारात भाव पडतो त्या आठवड्यातही एक लेख येऊ द्या.